ताशी अर्धा किलोमीटर

रात्री दीडला खाली सुरुंग लागतात.
कपाटातले कप एकमेकांना टेकतात, पुन्हा सुटे होतात,
किरुनातली माणसं कूस बदलतात.
मी पूर्वी उठायचो.
सुरुंगाच्या आवाजाआड बाटली उघडली
की बूच वाजत नाही, असा माझा हिशेब.
हिलेवी रोज ते ऐकत होती,
हे ती गेल्यावर कळलं.

तेवीस वर्षं या गावाच्या पोटातून लोखंड काढलं.
आता वरची जमीन खचते आहे,
म्हणून गावच उचलून पूर्वेला नेताहेत,
घरं, शाळा, बागेतली बाकं.
कंपनीचा माणूस नकाशा घेऊन दारात आला.
लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाला,
इथवर भेगा येतील, अमुक साली.
मला हसू फुटलं.
माझ्या भेगांचा नकाशा तेव्हा
रागनहिल्ड नावाची बाई काढत होती,
दर मंगळवारी, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर.

ती म्हणाली, प्यायलास ते राहू दे.
त्याच्या आधीची पाच मिनिटं सांग.
पाच मिनिटं!
जन्मभर मी त्यांच्यावरून उडी मारत आलो होतो.
तिनं वही दिली. वेळ, जागा, छातीत काय.
मी लिहिलं: शनिवार, पावणेतीन,
कारण सरकारी दारूचं दुकान शनिवारी तीनला बंद होतं.
छातीत: काही नाही.
पुढल्या शनिवारी: काही नाही.
सहाव्या शनिवारी पेनानं आपणहून लिहिलं: जिना.
बापाचे बूट.
तो किती पायऱ्यांवर अडखळतो ते मोजणारा पोरगा,
तीनच्या वर गेला आकडा, तर पलंगाखाली.

वाटलं, सुटलो. मूळ सापडलं.
त्याच संध्याकाळी प्यालो,
मूळ सापडल्याच्या आनंदात.

एस्किल त्यानंतर भेटला.
चौतीस वर्षं खनिजाची गाडी नार्विक बंदराला नेणारा,
एकोणीस वर्षं थेंबाला न शिवलेला.
चर्चच्या मागची खोली, कडू कॉफी, करकरणाऱ्या खुर्च्या.
मी आधीच सांगून टाकलं, देवबिव मला जमायचं नाही.
माझी आजी प्रार्थनाघरात आक्रोश करून पापं कबूल करायची
आणि घरी येऊन आठ-आठ दिवस आजोबांशी बोलायची नाही.
एस्किल म्हणाला, बरं.
भरलेली गाडी ब्रेक लावल्यावर किती लांब जाते, ठाऊक आहे?
नाही.
मलाही नक्की कधी कळलं नाही. ते उतार ठरवतो.
तू ब्रेक लाव. उतार तुझ्या बापाचा नाही, एवढं मान.
बापाचा, म्हणाला. सहज म्हणाला असेल.
मग त्यानं मला खुर्च्या रचायला लावलं.
तीच माझी दीक्षा म्हणायची.

ऑगस्टात चर्च हललं.
लाल, लाकडी, अख्खंच्या अख्खं, चाकांवर,
ताशी अर्धा किलोमीटर.
लोक डबे घेऊन रस्त्याकडेला बसलेले.
रागनहिल्ड दिसली, तिनं ओळख दाखवली नाही;
तेवढी रीत ती पाळते.
एस्किल थर्मास पोटाशी धरून उभा.
इंजिनिअरांनी म्हणे तुळई न तुळई मोजली होती,
कुठे वाकेल, कुठे तडकेल.
त्याशिवाय ते वीतभरही सरकलं नसतं.
पण कोपऱ्यावर चाकं थांबली,
एवढा जमाव गप्प झाला,
आणि माझ्या शेजारच्या, च्युइंगगम चघळणाऱ्या पोरानं
टोपी काढली.
कुणी सांगितलं होतं त्याला?
मीही काढली. डोक्याला वारा लागला.

घरी येऊन हिलेवीला फोन लावला.
वाजत राहिला.
वहीत लिहिलं: बुधवार, सव्वानऊ, जागा स्वयंपाकघर,
छातीत: फोन वाजतोय.

दीडला कप थरथरले.
उठलो. नळाचं पाणी प्यालो, गार, थोडं लोखंडी.
कप जरा दूर दूर ठेवले.
खाली अजून पुष्कळ लोखंड आहे, म्हणतात.